आययूआयचे यश कशावर ठरते?

कोणतेही गर्भनिरोधक न वापरता वर्षभर नियमित शरीरसंबंध ठेवूनही गर्भधारणा झाली नाही, तर अनेक जोडप्यांना आरंभी सुचवला जाणारा उपचार म्हणजे आययूआय, अर्थात प्रयोगशाळेत धुऊन निवडलेले सशक्त शुक्राणू बारीक नळीने थेट गर्भाशयात सोडणे. प्रक्रिया काही मिनिटांत आटोपते. तिच्या यशापयशाचा मोठा भाग मात्र त्याआधीच ठरलेला असतो.

आययूआयमुळे शुक्राणूंची वाट थोडी कमी होते इतकेच. स्त्रीबीजाशी त्यांचे मीलन नेहमीप्रमाणे बीजवाहिनीतच व्हावे लागते, म्हणून किमान एक बीजवाहिनी खुली असणे अनिवार्य ठरते. भारतात जननमार्गाच्या क्षयरोगाने बीजवाहिन्या बंद पडल्याची उदाहरणे कमी नसल्यामुळे बीजवाहिन्यांची तपासणी टाळून केलेला उपचार म्हणजे केवळ कालापव्यय होय.

सर्वांत निर्णायक घटक स्त्रीचे वय. पस्तिशीनंतर बीजांची संख्या व गुणवत्ता दोन्ही घसरतात, आणि चाळिशीनंतर एका चक्रातील यशाची शक्यता फारच थोडी उरते. पुरुषाच्या बाबतीत धुतल्यानंतर हाती येणाऱ्या गतिमान शुक्राणूंची एकूण संख्या पाहिली जाते. ती 50 लाखांच्या वर असल्यास आशा बरी, 10 लाखांच्या खाली गेल्यास क्षीण. वीर्यतपासणी सोपी आणि स्वस्त असूनही स्त्रीच्या सगळ्या तपासण्या उरकल्यावरच ती करण्याची रीत अनेक घरांत टिकून आहे, हे अनाकलनीयच म्हणावे लागेल.

बीजनिर्मिती अनियमित असलेल्या, विशेषतः पीसीओएस (अंडाशयाशी निगडित संप्रेरक-विकार) असलेल्या स्त्रियांना लेट्रोझोलसारख्या गोळ्यांची जोड दिल्यास लाभ होतो. परंतु औषधांचा जोर वाढवून एकाच वेळी अनेक बीजे पक्व केल्यास जुळ्या-तिळ्यांचा आणि पर्यायाने अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीचा धोका वाढतो. बीज बाहेर पडल्यावर जेमतेम 12 ते 24 तासच फलनक्षम राहते, त्यामुळे सोनोग्राफीने त्याच्या वाढीवर लक्ष ठेवून बीज बाहेर पडण्यास चालना देणारे एचसीजीचे इंजेक्शन दिले जाते व साधारण 24 ते 40 तासांत वीर्यसेचन केले जाते.

हे सारे जुळूनही एका चक्रातील यश बहुधा 10 ते 20 टक्क्यांच्या आसपास राहते. आययूआयने होणाऱ्या बहुतेक गर्भधारणा पहिल्या तीन-चार चक्रांतच होतात. त्यामुळे अडतिशीच्या स्त्रीला सातव्या-आठव्या चक्राकडे नेण्यापेक्षा आयव्हीएफचा, म्हणजे शरीराबाहेर प्रयोगशाळेत फलन घडवण्याच्या उपचाराचा, विचार वेळीच करणे अधिक सयुक्तिक ठरते.