दोनशे सिनेमे आणि एक पातेलं

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात माझ्या वहीत 183 हा आकडा होता आणि संकल्प होता दोनशेचा. आठ दिवस, सतरा सिनेमे. अशा वेळी परीक्षेच्या आदल्या रात्री विद्यार्थी जे करतो तेच मी केलं. सिनेमा निवडताना आधी त्याची लांबी बघायला लागलो. बस्टर कीटनचा 1924 सालचा 'शेरलॉक ज्युनियर' पाऊण तासात आटोपतो. ऑस्कर देणारी अकादमी चाळीस मिनिटांहून लांब चित्रपटाला पूर्ण लांबीचा मानते, म्हणजे नियमातही बसतो. कीटन इतका भन्नाट निघाला की लगेच परत बघावासा वाटला. पण पुन्हा पाहिलेला सिनेमा मोजायचा नाही, हा नियम माझा मीच केलेला.

'वर्षात शंभर', 'आठवड्याला एक नवा देश' असे संकल्प आता पुष्कळ जण सोडतात. 2011 साली न्यूझीलंडमध्ये सुरू झालेल्या 'लेटरबॉक्स्ड' या संकेतस्थळाने या हौसेला रोजनिशी मिळवून दिली. सिनेमा संपला, तारीख टाकली, तारे दिले, पुढचा लावला. पेनसिल्व्हेनियातल्या एका तरुणाने तर जुलै 2022 ते जुलै 2023 या वर्षभरात नोकरी सांभाळून चित्रपटगृहात 777 सिनेमे पाहिले आणि गिनेसच्या पुस्तकात जाऊन बसला. अट अशी की सिनेमा अथपासून इतिपर्यंत बघायचा, मध्ये फोन नाही, डुलकी नाही. त्यात 'पस इन बूट्स'चा नवा भाग त्याने 47 वेळा पाहिला. म्हणजे तिकडे पुन्हा पाहिलेला चालतो! हे मला जानेवारीत कळायला हवं होतं.

तसा हा नाद आपल्या सिनेमाच्याही आधीपासूनचा आहे. गिरगावातल्या तंबूत 'लाइफ ऑफ ख्राइस्ट' पाहून दादासाहेब फाळके झपाटले, ही गोष्ट शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. पण त्यापुढचे महिने मला जास्त मोलाचे वाटतात. पत्नी सरस्वतीबाईंना घेऊन ते तोच सिनेमा पुन्हा पाहून आले. मग मुंबईत जे जे लागलं होतं ते सगळं पाहून काढलं. दिवसा सिनेमे आणि रात्री पुस्तकं-प्रयोग, यात झोप इतकी तुटली की डोळ्यांनी दगा दिला, दृष्टी जाण्याची वेळ आली. उपचार आणि चष्म्यांच्या जोरावर ती परत आली. 1912 साली ते लंडनला जाऊन कॅमेरा घेऊन आले. भांडवलवाल्याची खात्री पटावी म्हणून त्यांनी काय चित्रित केलं? कुंडीतलं वाटाण्याचं रोप. रोज थोडं थोडं टिपायचं, म्हणजे पडद्यावर अंकुर बघता बघता वेल होतो. 'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 रोजी कोरोनेशनमध्ये लागला, त्याच्या मुळाशी असा एक अधाशी प्रेक्षक आहे.

सत्यजित राय 1950 साली जाहिरात कंपनीच्या कामासाठी लंडनला गेले आणि काही महिन्यांच्या मुक्कामात शंभराच्या आसपास चित्रपट पाहून आले. त्यातल्या 'बायसिकल थीव्ज'ने 'पथेर पांचाली'चा मार्ग दाखवला. बाकीच्या सिनेमांनी काय दिलं हे कुणी विचारत नाही, पण ते नसते तर हा एक डोळ्यांत एवढा भरला असता का?

आणि पुण्यात पी. के. नायर. 1964 साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालं आणि ते उभं करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. 'सेल्युलॉइड मॅन' या 2012 च्या माहितीपटात हा माणूस नीट भेटतो. अंधारात बसून वहीत नोंदी करणारा, अमुक प्रसंग कितव्या रिळात आहे ते तोंडपाठ सांगणारा. फाळक्यांच्या चित्रपटांचे जे तुकडे आज बघायला मिळतात, त्यातही नायरांच्या शोधाचा वाटा मोठा. वही माझ्याकडेही होती. फक्त माझ्या वहीत रिळाचा नव्हे, नुसता अनुक्रमांक होता.

पुण्याचा 'पिफ' किंवा 2004 पासून गोव्यात भरणारा 'इफ्फी' हे चित्रपट महोत्सव म्हणजे हाच संकल्प आठवड्यात कोंबलेला. गळ्यात ओळखपत्र, हातात वेळापत्रक, दिवसाला पाच सिनेमे, आणि दोन रांगांच्या मध्ये उभ्याउभ्या खाल्लेला समोसा. तिसऱ्या दिवशी तुर्की सिनेमातला म्हातारा रोमानियन सिनेमातल्या बसमध्ये चढतो. एकदा चौथ्या खेळाला माझा डोळा लागला. अर्ध्या तासाने जाग आली तेव्हा पडद्यावरचा माणूस तोच डोंगर चढत होता. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "काही चुकलं नाही तुमचं."

तरी आकड्याला अगदीच नावं ठेवणार नाही. यादी नसती तर हृषीकेश मुखर्जींचा 1966 चा 'बीवी और मकान' मी कधी लावला नसता. 'अशी ही बनवाबनवी'चं मूळ तिथे आहे. भाड्याच्या खोलीसाठी साड्या नेसलेले पुरुष तिथेही आहेत, पण 1988 सालच्या मराठी अवताराला जो तडका बसलाय तो त्याला नाही. हे माझं मत. वाद घालायला माझी तयारी आहे.

आमच्या आईला मात्र यातलं काही लागत नाही. ती 'बनवाबनवी' कुठूनही बघते. अर्धा झालेला असो, संपत आलेला असो, मांडीवर भाजीची परात असतेच. त्या वर्षी मी एकदाही तिच्याजवळ बसलो नाही. मोजता येत नव्हता ना!

28 डिसेंबरला मी 'जान डिएलमन' लावला. शांताल आकरमनचा 1975 चा हा चित्रपट 2022 साली 'साइट अँड साउंड' मासिकाच्या जगभरच्या समीक्षकांच्या कौलात पहिला आला. लांबी तीन तास एकवीस मिनिटं. एका विधवेचे तीन दिवस: ती अंथरूण आवरते, बूट पुसते, बटाटे सोलते, आणि कॅमेरा हलत नाही. मी मनातल्या मनात उरलेली मिनिटं मोजत होतो. आई वाटाण्याच्या शेंगा घेऊन खोलीत आली, दोन-चार मिनिटं उभी राहिली.

"अरे, हिचं आज काहीतरी बिनसलंय."

"काही झालेलं नाहीये अजून, आई."

"बटाट्यांचा गाळ केलाय तिनं. पातेलं घेऊन फिरतेय बघ, कुठं ठेवायचं सुचत नाहीये. अशी बाई नाहीये ही."

तोवरचा दीड-दोन तास तिने पाहिलेला नव्हता. मी सिनेमा दहा मिनिटं मागे नेला. खरंच, चित्रपटाची सगळी घडी तिथूनच विस्कटायला लागते. आई मग पलंगाच्या कडेला बसली ती शेवटापर्यंत. शेवट सांगत नाही. वाटाणे केव्हाच सोलून झाले होते, परात तशीच मांडीवर होती.

31 तारखेला आकडा 191 वर थांबला. रात्री टीव्हीवर 'बनवाबनवी' लागला होता, निम्मा होऊन गेलेला. आईने जरा सरकून जागा केली.