हप्ता ईदनंतरही येतो

रमजानचे वीस रोजे झाले की बाजाराला रात्रीची जाग येते. इफ्तार आणि तरावीहची नमाज आटोपून कुटुंबे खरेदीला निघतात. मुलांचे कपडे, चपला, शेवया, शीरखुर्म्याचा सुकामेवा, अत्तर. यादी मोठी आणि कमाई ठरलेली. अशा वेळी हप्त्याचे कार्ड मदतीला येते. ‘आज काहीच देऊ नका, पुढच्या महिन्यापासून भरा,’ असे दुकानदार म्हणाला की ओझे उतरल्यासारखे वाटते.

प्रत्यक्षात ते ओझे पुढे ढकललेले असते. वित्तसंस्था दुकानदाराला पैसे देते आणि ग्राहक तिचा कर्जदार होतो. ‘बिनव्याजी हप्ता’ हे शब्दही तपासून घ्यावेत. शून्य टक्के व्याज अशी काही गोष्टच नसते, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. हा खर्च कधी वस्तूच्या किमतीत दडतो, कधी रोखीवरची सूट हातची जाते, तर कधी प्रक्रिया शुल्क लागते. त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी वेगळा.

समजा, ईदची सहा हजारांची खरेदी सहा हप्त्यांत केली. महिन्याला हजार रुपये जड वाटत नाहीत. पण मोबाइलचे दीड हजार आणि मिक्सरचे आठशे आधीच चालू असतील, तर महिन्याला ३,३०० रुपये घरखर्चाआधीच कापले जातात. खात्यात शिल्लक नसेल तर बँकेचा दंड वेगळा, वित्तसंस्थेचा वेगळा, आणि पुढचे कर्ज मिळणेही अवघड.

इस्लामने कर्जाला मनाई केलेली नाही, व्याजाला केली आहे. कुरआनातील सर्वांत मोठी आयत, सूरह बकरातील २८२वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. हप्त्याने विकताना रोखीपेक्षा जास्त किंमत आधीच ठरवता येते, मात्र उशीर झाला म्हणून रक्कम वाढवणे हे व्याजच, असा निर्णय जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९९० मध्ये दिला. म्हणून कार्डाच्या अटी समजून घेऊन जाणकार आलिमांचा सल्ला घेणे बरे.

कार्ड वापरायचेच असेल तर काही पथ्ये पाळावीत. रोख किंमत आणि सर्व हप्त्यांची बेरीज शेजारी शेजारी मांडावी. १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा कर्जांच्या एकूण खर्चाचे माहितीपत्रक देणे वित्तसंस्थांना बंधनकारक आहे, ते मागून वाचावे. चालू हप्ते वहीत लिहावेत आणि घरात सर्वांना माहीत असावेत. हप्ते फिटेपर्यंत वस्तू टिकणार असेल, तरच ती हप्त्याने घ्यावी. शिलाई मशीन स्वतःचे हप्ते कमावू शकते. शीरखुर्मा मात्र ईदच्या दिवशीच संपतो आणि त्याचे हप्ते मोहरम उलटला तरी चालू राहतात.

जकातीच्या आठ हक्कदारांमध्ये कर्जात बुडालेल्या माणसाचाही समावेश आहे. ईदच्या नव्या कपड्यांसाठी आपणच त्या यादीत जाऊन बसू नये.