माहेर सव्वा तासावर?

नागपूरची मुलगी पुण्यात दिली, की आजकाल सासूबाईसुद्धा सांगतात, “काळजी कसली करतेस गं, विमानानं सव्वा तासात तर माहेर!” ऐकायला छान वाटतं. पण आई-वडील सत्तरीपुढचे असले आणि रात्री-अपरात्री फोन वाजला, की हा सव्वा तास कुठून कुठपर्यंतचा, हे ठाऊक असलेलं बरं.

पुणे-नागपूर हवाई अंतर सरळ रेषेत साधारण ६०० किलोमीटर. रस्त्यानं तेच ७०० च्या पुढे जातं, आणि रेल्वे दौंड-मनमाडचा वळसा घालते म्हणून जवळजवळ ९००. जेट विमान वर गेल्यावर ताशी ८०० किलोमीटरनं जातं. मग पाऊण तासात का पोचत नाही? कारण तो वेग त्याला मधल्याच टप्प्यात मिळतो. चढण्या-उतरण्यात बराच वेळ जातो. शिवाय तिकिटावरची वेळ विमान जागचं हलल्यापासून पलीकडे जागेवर थांबेपर्यंतची. उड्डाणाचा नंबर लागायची वाट त्यातच धरलेली असते. पुण्याचा लोहगाव विमानतळ तर मुळात हवाई दलाचा, तिथं लढाऊ विमानांनाही वाट द्यावी लागते!

आता घरचा हिशेब. कोथरूडहून लोहगाव, गर्दीच्या वेळी सव्वा तास. सामान देण्याची खिडकी तासभर आधी बंद होते, म्हणून दोन तास आधी पोचायचं. विमानाचा सव्वा ते दीड तास. उतरल्यावर बॅग येईपर्यंत अर्धा तास. नागपुरात मात्र सुख! सोनेगाव शहरालगतच आहे, अर्ध्या तासात घर. (१९४९ साली रात्रीची टपालविमानं सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास अशा चारी दिशांची विमानं मध्यरात्री इथंच भेटून टपाल बदलायची. देशाच्या मध्यावर असण्याचा हा मान.) बेरीज केलीत? पावणेसहा तास झाले.

तरीही बस किंवा गाडीच्या तेरा-चौदा तासांपुढे ते कमीच, पण नेहमीच नाही बरं का! समजा, फोन रात्री आठला आला आणि जागा मिळाली ती दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या विमानात. तुम्ही घरी पोचणार दोन-अडीचला. रात्री नऊ-दहाची बस धरलीत तर अकरा-बारापर्यंत दारात. अशा वेळी विमान किती वाजता सुटतं ते आधी बघा, किती वेळ लागतो ते मग.

सरळ विमान भरलेलं असलं, की मुंबई किंवा दिल्लीवरून जाणारं तिकीट पुढं केलं जातं. त्यात मधला मुक्काम किती तासांचा, ते वाचल्याशिवाय पैसे भरू नका. आई-बाबांना इकडे आणायचं असेल, तर चाकाची खुर्ची तिकीट काढतानाच मागून ठेवावी, ऐनवेळी धावाधाव नको. आणि आईनं दिलेली लोणच्याची बरणी हातातल्या पिशवीत नको. दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून मोठ्या बॅगेत, साड्यांपासून लांब.