पाच वर्षांची पदवी, आठ वर्षांची मेहनत

घरातल्या मुलाला मेडिकलला प्रवेश मिळाला की पेढे वाटले जातात. त्याच आठवड्यात बॅट नाहीतर रॅकेट माळ्यावर जाते. ‘आता खेळ पुरे, आधी डॉक्टर हो,’ हे वाक्य मोहल्ल्यात, वाड्यात आणि फ्लॅटमध्ये सारख्याच मायेने बोलले जाते. एका वेळी एकच शौक परवडतो, अशी आपली पक्की समजूत आहे. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये मात्र रग्बी आणि डॉक्टरकी यांची दोस्ती दीडशे वर्षांहून जुनी आहे.

रग्बी म्हणजे लांबट चेंडूचा, धक्काबुक्कीचा खेळ. प्रत्येकी १५ खेळाडूंचे दोन संघ ८० मिनिटे भिडतात. फुटबॉलची धाव आणि कबड्डीची पकड एकत्र केली की त्याचा थोडाफार अंदाज येतो. हाडे मोडणे, ओठ फाटणे हे नेहमीचेच. तरीही हा खेळ रुजवण्यात लंडनच्या रुग्णालयांचा मोठा वाटा आहे. गाय्ज हॉस्पिटलचा क्लब आपली स्थापना १८४३ सालची सांगतो. लंडनमधल्या वैद्यकीय महाविद्यालयांची युनायटेड हॉस्पिटल्स कप ही स्पर्धा १८७५ पासूनची आहे. सेंट मेरीज या महाविद्यालयाचे डीन लॉर्ड मोरान, जे पुढे चर्चिल यांचे डॉक्टर म्हणून ओळखले गेले, रग्बी खेळणाऱ्या मुलांना आवर्जून प्रवेश देत.

न्यूझीलंडला गेलेला विद्यार्थी

याच सेंट मेरीजमध्ये वेल्सचे जे. पी. आर. विल्यम्स शिकले. आई-वडील दोघेही डॉक्टर. मुलगा टेनिसमध्येही तरबेज. १९६६ मध्ये त्याने विम्बल्डनच्या मैदानावर ब्रिटनचे ज्युनिअर विजेतेपद पटकावले होते. पण त्याने वैद्यकशास्त्र आणि रग्बी निवडले. १९६९ मध्ये विल्यम्स वेल्सकडून खेळू लागले. १९७१ मध्ये ब्रिटन-आयर्लंडचा संयुक्त ‘लायन्स’ संघ न्यूझीलंडला गेला तेव्हा ते अजून विद्यार्थीच होते. शेवटच्या कसोटीत त्यांनी खूप लांबून मारलेल्या ड्रॉप गोलमुळे लायन्सचे पारडे वर गेले. सामना १४-१४ असा बरोबरीत सुटला आणि मालिका लायन्सने जिंकली. न्यूझीलंडमध्ये लायन्सने जिंकलेली ती आजवरची एकमेव मालिका आहे.

दोन वर्षांनी ते डॉक्टर झाले आणि पुढे अस्थिरोगाचे सर्जन. वेल्ससाठी ते ५५ सामने खेळले. १९७८ मध्ये ब्रिजएंड क्लबकडून न्यूझीलंडविरुद्ध खेळताना बुटाच्या खिळ्यांनी त्यांचा गाल फाटला. टाके घालणारे डॉक्टर होते त्यांचे वडील. टाके पडले आणि मुलगा पुन्हा मैदानात उतरला. २०२४ च्या जानेवारीत विल्यम्स यांचे निधन झाले, तेव्हा वेल्समध्ये ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली गेली.

आयर्लंडचे जॅक काइल यांचे उदाहरण त्याहून जुने. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात वैद्यकशास्त्र शिकत असताना, १९४८ मध्ये ते आयर्लंडच्या ‘ग्रँड स्लॅम’ विजेत्या संघात होते. ते यश पुन्हा मिळवायला आयर्लंडला २००९ उजाडावे लागले. काइल मात्र खेळ संपल्यावर झांबियातल्या चिंगोला या तांब्याच्या खाणींच्या गावी गेले आणि तीसहून अधिक वर्षे तिथे सर्जन म्हणून राबले.

पैसा आला, वेळ गेला

या पिढीला हे जमले, त्यामागे एक साधे कारण होते. रग्बी युनियन तेव्हा हौशी खेळ होता. खेळण्याचे मानधन घ्यायला बंदी होती, त्यामुळे पोटापाण्यासाठी दुसरा हुनर शिकणे भागच होते. सराव संध्याकाळी, सामना शनिवारी. मधले दिवस वॉर्डाचे आणि पुस्तकांचे. १९९५ च्या ऑगस्टमध्ये ही बंदी उठली. खेळाडू पगारदार झाले आणि पगाराच्या बदल्यात क्लबने त्यांचा सगळा दिवस मागितला. डॉक्टर-खेळाडू हळूहळू दुर्मिळ होत गेले. महिला रग्बीत पैसा उशिरा पोहोचला, तिथे जुनीच रीत टिकली. २०१४ च्या विश्वचषकात न्यूझीलंडला हरवणाऱ्या आयर्लंडच्या संघातली क्लेअर मोलोय ही डॉक्टर; पुढे इमर्जन्सी विभागातली ड्युटी सांभाळत ती देशासाठी खेळत राहिली.

पुरुषांच्या व्यावसायिक रग्बीत हा जुना रस्ता पुन्हा चालून दाखवला तो जेमी रॉबर्ट्सने. २००५ मध्ये तो कार्डिफ विद्यापीठात वैद्यकशास्त्र शिकायला आला. २००८ मध्ये वेल्सकडून पहिला सामना खेळला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध डोक्याला डोके आदळून त्याच्या कवटीला फ्रॅक्चर झाले, तरी तो काही वेळ खेळतच राहिला. पुढच्या उन्हाळ्यात दक्षिण आफ्रिकेतल्या लायन्स मालिकेत तोच सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. पाच वर्षांत संपणारा अभ्यासक्रम त्याला आठ वर्षे पुरला. २०१३ मध्ये पदवी हाती आली. त्याच वर्षी सिडनीत लायन्सच्या निर्णायक विजयातही त्याचा वाटा होता. पुढे केंब्रिजमध्ये त्याने वैद्यकविज्ञानात एम.फिल. केले आणि विद्यापीठाच्या संघातून ऑक्सफर्डविरुद्धही खेळला.

किंमत कोण मोजतो?

ही गोष्ट निव्वळ कौतुकाची नाही. पदवीनंतर रॉबर्ट्स वॉर्डात रुजू झाला नाही. तो खेळत राहिला. २०२० मध्ये कोरोनाची साथ आली तेव्हा मात्र कार्डिफच्या आरोग्य मंडळाच्या कामात तो स्वयंसेवक म्हणून उतरला. दोन्ही होड्यांत पाय ठेवणाऱ्याला एक होडी काही काळ किनाऱ्यावर बांधावीच लागते.

दुसरी किंमत शरीराची. टाके घालून किंवा डोके फुटूनही खेळत राहण्याच्या कहाण्या ऐकायला शूर वाटतात, पण मेंदूला वारंवार बसणारे हादरे आयुष्यभर पाठ सोडत नाहीत. हे ठणकावून सांगणाऱ्यांतही एक डॉक्टर-खेळाडूच होता. आयर्लंडकडून खेळलेले डॉ. बॅरी ओ’ड्रिस्कॉल आंतरराष्ट्रीय रग्बी संघटनेच्या वैद्यकीय समितीवर होते. डोक्याला मार लागलेल्या खेळाडूला पाच मिनिटांच्या तपासणीनंतर परत मैदानात धाडण्याची पद्धत त्यांना मान्य नव्हती. २०१२ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. मैदान आणि दवाखाना, दोन्ही बाजू ठाऊक असलेल्या माणसाचा तो निषेध होता.

आपल्याकडे एमबीबीएसला थिअरीसाठी ७५ टक्के आणि प्रॅक्टिकलसाठी ८० टक्के हजेरी लागते, आणि लागायलाच हवी. रुग्णाच्या जिवाशी गाठ असलेल्या विद्येत सूट कशी मागणार? पण कार्डिफने रॉबर्ट्सची परीक्षा सोपी केली नाही, फक्त मुदत लांबवली. तोच अभ्यास, त्याच परीक्षा, तीन वर्षे जास्त. आपल्या घरांत मात्र ‘एक वर्ष गेले’ हे शब्द एखाद्या दुखवट्यासारखे उच्चारले जातात. उशिरा पोहोचणे आणि वाट चुकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुलांच्या आधी आई-वडिलांना उमगले पाहिजे. मग माळ्यावरची रॅकेट अधूनमधून खाली काढली, तर घरातला डॉक्टर काही हरवणार नाही.