तीन डोक्यांची अळी

गुलाबी बोंडअळी कापूस पिकवणाऱ्या घरातल्या मुलांना वेगळी सांगायला नको. बोंडात शिरायचं आणि आतली सरकी फस्त करायची, हाच तिचा उद्योग. १९८०च्या सुमारास इसाओ कुबो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत या अळ्यांच्या खाण्यात पूर्व आफ्रिकेतल्या एका औषधी झुडपाचा अर्क मिसळला. झुडपाचं नाव अजुगा रेमोटा. काही दिवसांनी पाहतात तर काय, अळीला डोक्याची तीन कवचं! एकावर एक चढलेली. सगळ्यात बाहेरच्या कवचाने तोंडच झाकून टाकलेलं. समोर खाणं पडलेलं असूनही अळ्या उपाशी मेल्या.

असं का झालं असेल?

अळी वाढते, पण तिची कातडी तिच्याबरोबर वाढत नाही. मग आत नवी कातडी तयार होते आणि जुनी फाटून गळून पडते. डोक्याचं कवचसुद्धा! रेशमाची अळी असं चार वेळा करते. प्रत्येक वेळी कात कधी टाकायची, हे ठरवतं एक संप्रेरक, म्हणजे हार्मोन. त्याचं नाव एक्डायसोन. शरीरात त्याचं प्रमाण वाढलं की नवी कातडी बनायला लागते, आणि ते पुन्हा उतरलं की जुनी कातडी सुटते. त्या बिचाऱ्या बोंडअळ्यांच्या पोटात झुडपातून बाहेरचंच संप्रेरक येत राहिलं. पहिली कात पुरती सुटायच्या आत दुसरी सुरू, दुसरी सुटायच्या आत तिसरी.

पण कीटकाचं संप्रेरक झुडपात आलं कुठून? इथेच खरी गंमत आहे.

१९५४ साली जर्मनीत बुटेनांट आणि कार्लसन या दोघांनी एक्डायसोन पहिल्यांदा शुद्ध रूपात वेगळं काढलं. त्यासाठी त्यांना रेशमाच्या किड्यांचे पाचशे किलो कोषस्थ प्युपा लागले. आणि हाती काय आलं? २५ मिलिग्रॅम! तांदळाच्या एका दाण्याएवढं वजन. त्याची रचना नक्की कशी आहे, हे उलगडायला १९६५ साल उजाडलं. ते निघालं स्टेरॉइड, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या कुळातलं.

त्यानंतर वर्षभरातच नाकानिशी या जपानी रसायनशास्त्रज्ञाच्या गटाला तैवानमधल्या पोडोकार्पस झाडाच्या पानांत तसलीच स्टेरॉइडं सापडली. मग युरोपातल्या एका नेच्याची पाळी आली. त्याचं अडीच ग्रॅम वाळलेलं मूळखोड घेतलं, तर २५ मिलिग्रॅम माल मिळाला. कुठे पाचशे किलो आणि कुठे अडीच ग्रॅम! किड्यांनी जे थेंबाथेंबाने वापरलं, ते झाडांनी साठवून ठेवलं होतं.

आता आपल्या अंगणात या. श्रावणात बाजारात ‘दुर्वा, आघाडा, फुलं’ अशी हाळी ऐकली असेल. जिवतीला ज्याची माळ घालतात, ज्याची टोकदार फळं चालताना कपड्यांना चिकटतात, तोच आघाडा. त्याच्या मुळांत एक्डायसोनच्याच कुळातलं एक्डिस्टेरोन नावाचं स्टेरॉइड असतं. निर्गुडीतही असतं, आणि ताटातल्या पालकातही. पालकाच्या मुळांना इजा झाली, तर मुळांतलं त्याचं प्रमाण वाढतं. पानं कुरतडली तर मात्र तसं होत नाही. मला हा पालकाचा शोध फार आवडतो. जखम कुठे झाली, हे त्या रोपाला कळतं!

सगळेच किडे झाडांमधल्या या संप्रेरकाला फसत नाहीत हं. हरभऱ्यावरची घाटेअळी हे स्टेरॉइड निष्प्रभ करून विष्ठेतून बाहेर टाकते. झाडाने युक्ती काढली, तर किड्यानेही उतारा शोधला.

हेच स्टेरॉइड शेतकऱ्यांच्याही कामी येतं. जालना-बीडकडचे रेशीम शेतकरी सांगतील, सगळ्या अळ्या एकदम पिकत नाहीत. काही आज कोष विणायला लागतात, काही मागे रेंगाळतात. तेव्हा तुतीच्या पाल्यावर वनस्पतींमधल्या याच स्टेरॉइडचं पाणी शिंपडून तो पाला अळ्यांना देता येतो. मग मागे राहिलेल्या अळ्याही लवकर पिकतात आणि सगळ्या जवळजवळ बरोबरच चंद्रिकेवर, म्हणजे कोष विणायच्या जाळीवर, चढवता येतात.

आणि माणसाचं काय? आपण कात टाकत नाही. हे संप्रेरक पकडणारं किड्यांमधलं प्रथिन आपल्या पेशींत नसतंच. म्हणून ते आपल्याला फारसं विषारी ठरत नाही, आणि म्हणूनच औषधवाल्यांचे डोळे त्याच्याकडे लागलेत. बर्लिनमध्ये ४६ तरुणांवर दहा आठवडे प्रयोग झाला. व्यायामाबरोबर एक्डिस्टेरोन घेणाऱ्यांचे स्नायू जास्त वाढलेले दिसले. त्यानंतर २०२० साली खेळाडूंच्या उत्तेजकांवर लक्ष ठेवणाऱ्या जागतिक संस्थेने त्याच्यावर नजर ठेवायला सुरुवात केली. म्हातारपणी झिजणाऱ्या स्नायूंसाठीही त्याच्या चाचण्या झाल्या आहेत. (म्हणून आघाडा उपटून चघळायला जाऊ नका! त्याच्या मुळांत या एका पदार्थाशिवाय आणखीही बरंच काही असतं.)

मला सगळ्यात भन्नाट वाटतो तो १९९६ सालचा अमेरिकेतला प्रयोग. शास्त्रज्ञांनी किड्यातलं ते पकडणारं प्रथिन उंदरांच्या पेशींत बसवलं आणि त्याच्या ताब्यात एक जनुक दिलं. उंदराला वनस्पतीतलं स्टेरॉइड टोचलं, की जनुक चालू. स्टेरॉइड नसेल, तर जनुक जवळजवळ गप्प. उंदराच्या स्वतःच्या संप्रेरकांना या बटणाचा पत्ताच नाही, त्यामुळे ते भलत्या वेळी दाबलं जात नाही. शरीरात बसवलेलं एखादं जनुक हवं तेव्हाच चालू करायचं असेल, तर असंच बटण लागेल.