आडनावात सापडलेलं गाव

कागदोपत्री माझं आडनाव शेख. गावात मात्र आम्हाला सगळे मुलाणीच म्हणतात. शेख म्हटलं की शहरातले लोक विचारतात, ‘तुमचं मूळ कुठलं?’ अरबस्तान, इराण असं काहीतरी ऐकण्याची त्यांची तयारी असते. मुलाणी म्हटलं की खेड्यातला म्हातारा असं काही विचारत नाही. त्याला उत्तर ठाऊक असतं.

गावगाड्यातल्या बारा बलुतेदारांच्या याद्या मुलखागणिक बदलतात. पण सुतार, लोहार, कुंभार, न्हावी यांच्या रांगेत अनेक याद्यांत मुलाणाही आहे. ‘मौलाना’ हा अरबी शब्द गावाच्या तोंडी झिजून ‘मुलाणा’ झाला. मशिदीची देखभाल करणं, निकाह लावणं ही त्याची कामं. शिवाय घर मराठ्याचं असो की धनगराचं, बकऱ्यावर सुरी तोच फिरवायचा आणि सुगीला खळ्यावर जाऊन आपलं बलुतं घ्यायचा. त्याला धर्मानं ओळख दिली, तशी गावानंही दिली.

इतर आडनावंही अशीच बोलकी आहेत. अत्तार सुगंध विकणारा, बागवान फळं-भाजी विकणारा, शिकलगार हत्यारांना धार लावणारा, पिंजारी कापूस पिंजणारा. ‘तांबोळी’ तर थेट तांबूल या संस्कृत शब्दातून आलेलं. पाटील, देशमुख, इनामदार ही वतनाची नावं हिंदूंत आहेत, तशीच मुसलमानांतही आहेत. कोकणात गावाच्या नावाला ‘कर’ लागला की धर्म कोणताही असो, आडनाव तयार.

समुद्रमार्गे आलेले लोक आपल्याकडे होतेच. अरब प्रवासी अल् मसूदी इ. स. ९१६ मध्ये चौलला आला, तेव्हा तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचं त्यानं लिहून ठेवलं आहे. त्यांतले कित्येक इथेच जन्मलेले होते. पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला सापडलेला शके ८४८ चा, म्हणजे इ. स. ९२६ चा ताम्रपट तर वाचण्यासारखा आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या वतीनं संजाणचा कारभार एक अरब अधिकारी पाहत होता. संस्कृत लेखात त्याचं नाव ‘मधुमति’ असं येतं. अभ्यासकांच्या मते ते ‘महंमद’चं रूप. त्याच्या संमतीनं देवीच्या मठाला जमीन दान दिली गेली. देवगिरीवर खिलजीची स्वारी झाली ती १२९६ साली. हा ताम्रपट तिच्याआधी ३७० वर्षांचा!

मग मुलाणी, पिंजारी, तांबोळी ही नावं कागदावरून गेली कुठे? बलुत्याच्या नावात कमीपणा वाटू लागला. शेख, खान, पठाण ही नावं प्रतिष्ठेची वाटली. माझ्या आजोबांनी वडिलांना शाळेत घातलं तेव्हा आडनाव सांगितलं शेख, आणि गुरुजींनी जातीच्या रकान्यात लिहिलं ‘मुसलमान’. त्या काळी यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

त्याची किंमत माझ्या पुतण्याला मोजावी लागली. मुलाणी, तांबोळी, पिंजारी, अत्तार, बागवान या जाती महाराष्ट्राच्या इतर मागासवर्गीयांच्या यादीत आहेत. परंतु जातीच्या दाखल्याला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. ‘मुसलमान’ एवढ्याच नोंदीवरून जात सिद्ध होत नाही. त्याचा अर्ज परत आला. शेवटी भावकीतल्या एका घरी ट्रंकेत मोडी कागद निघाला. जाणकाराकडून वाचून घेतला, तर त्यात आमच्या पणजोबांच्या नावापुढे स्पष्ट ‘मुलाणा’ आणि चाकरीच्या इनाम जमिनीचा उल्लेख. त्या आधारानं दाखला मिळाला, फी माफ झाली, पोरगं कॉलेजात गेलं.

सगळ्यांच्याच ट्रंकेत असा कागद निघेल असं नाही. म्हणून घरात वडीलधारी माणसं आहेत तोवर त्यांना विचारून ठेवा : आपल्याला गावात काय म्हणत, आपलं काम काय होतं, कुणाच्या खळ्यावर आपला हक्क होता? खरेदीखतं, फेरफार, शाळेचे जुने दाखले जपून ठेवा. मोडी वाचणारी माणसं अजून आहेत, त्यांच्याकडे जा. घराण्याचं मूळ शोधायला अरबस्तानापर्यंत जाण्याआधी आपल्या तालुक्याच्या गावी एक चक्कर मारून यायला काय हरकत आहे?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)