गाडी आणि नंबर – ७ : मूर्तींचा टेम्पो आणि पिवळी पाटी

मागच्या भागात कबूल केलेलं वाहन हस्तांतर आठवडाभर थांबेल. हमरापूरच्या एका वाचकाने विचारलं आहे, "घरच्या पांढऱ्या पाटीच्या गाडीतून गिऱ्हाइकांच्या मूर्ती पोचवल्या तर चालतं का?" गणपती तोंडावर आले की हा प्रश्न पेण तालुक्यात अनेकांना पडतो, म्हणून त्याला आधी जागा.

हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत या गावांत घरोघरी मूर्तींचे कारखाने आहेत. रंग न दिलेल्या कच्च्या मूर्तीही इथून बाहेरगावी जातात. टेम्पोत पेंढा अंथरायचा, मूर्तींच्या हातांना धक्का लागू नये म्हणून मधे आणखी पेंढा सारायचा, वरून ताडपत्री ओढायची आणि मुंबई-गोवा महामार्ग धरायचा. टेम्पोला पेणचं पासिंग असेल तर एमएच ०६, पनवेलचं असेल तर एमएच ४६.

आता उत्तर. १९८८च्या मोटार वाहन कायद्यात फक्त मालासाठी बांधलेली गाडी मालवाहू ठरतेच. पण तशी न बांधलेली गाडी माल वाहायला वापरली, तर तीही मालवाहूच. गाडी कशी बांधली आहे यापेक्षा ती कशासाठी वापरता, हे महत्त्वाचं. घरचा गणपती स्वतःच्या गाडीतून आणणाऱ्याने बिनधास्त आणावा. धंद्याच्या मूर्ती पोचवायच्या तर मात्र पिवळी पाटी हवी.

दंडापेक्षा मोठी भीती विम्याची आहे. खासगी गाडीच्या पॉलिसीत भाड्याने वापर आणि मालवाहतूक सहसा वगळलेली असते. वडखळ नाक्याजवळ गाडी उलटली, तर मूर्तींचं नुकसान एकीकडे आणि दुरुस्तीचा खर्च दुसरीकडे, दोन्ही मालकाच्याच अंगावर येऊ शकतं. पॉलिसीचा तो मजकूर हंगामाआधी वाचलाच पाहिजे.

पिवळ्या पाटीबरोबर कटकटी येतात, हे खरं. फिटनेस नव्या गाडीला दोन वर्षांचा मिळतो, मग आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावा लागतो. परमिटची सूट मात्र बऱ्याच जणांना ठाऊक नसते: एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. २००५ मध्ये आलेला टाटाचा छोटा हत्ती त्यात आरामात बसतो. मोठ्या पिकअपवाल्यांनी आरसी पाहावी, कारण हे वजन गाडी आणि माल मिळून धरतात. गोंधळ होतो तो इथे: परमिट नको म्हणजे फिटनेसही नको, असं नाही.

चालकाचं काय? ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला हलक्या वाहनाचा परवाना पुरतो. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये यावर शिक्कामोर्तब केलं.

हस्तांतर पुढच्या आठवड्यात नक्की. ज्यांचं कर्ज फिटलंय पण आरसीवर बँकेचा बोजा तसाच आहे, त्यांनी तोवर बँकेकडून ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन ठेवावा.